गोदाआत्याचा हवापालट

दिवाळी उलटून पंधरा दिवस झाले की आमच्याकडे सकाळचा वारा फिरतो. पावसाळाभर पश्चिमेकडून येणारा ओला, जड वारा कधी थांबला हे कुणाच्या ध्यानातही येत नाही, आणि एका सकाळी गोधडी अंगावर ओढून घेताना कळतं, आता हवा डोंगराकडून येतेय. कोरडी, गार. तिला कापलेल्या भाताच्या धसकटांचा आणि दवात भिजलेल्या पेंढ्याचा वास असतो. मी आता शहापुरात राहते. शाळेसाठी एसटीनं किन्हवलीकडे जाताना रस्त्याच्या कडेला एखाद्या खळ्यावर कुणी सूप उंच धरून भात वारवताना दिसतं. माझं लक्ष खाली पडणाऱ्या दाण्यांकडे जात नाही. फोल कुठं उडतंय तिकडे जातं. वारा कुठल्या बाजूचा आहे, ते मी आधी बघते. ही सवय मला वडिलांनी लावली. ती पुढं ज्या कारणानं अंगात भिनली, ते सांगायला मी बरीच वर्षं टाळाटाळ केली.

आमचं घर शेणव्याच्या पलीकडे, फाट्यापासून पाऊण तास आत चालत जायचं. घराच्या मागे पूर्वेला एक टेकडी होती. तिला नाव असं नव्हतं, सगळे टेपाड म्हणायचे. वर करवंदीच्या जाळ्या, थोडे साग-पळस, बाकी काळा खडक आणि गुडघाभर गवत. सकाळचा वारा त्या टेपाडावरून उतरून थेट आमच्या खळ्यात यायचा, म्हणून तर आजोबांनी खळं तिथं केलं होतं. भात झोडून झालं की दादा, म्हणजे माझे वडील, उजाडताना खळ्यात उभे राहून मूठभर फोल वर उडवायचे. ते नीट एका अंगाला जाऊन पडलं तर म्हणायचे, “आज देऊ.” घिरट्या घेऊन पायाशीच पडलं तर हात झटकून घरात यायचे.

वारं द्यायला वरच्या ठाकूरवाडीतला कमळू यायचा. उंच, सडपातळ, छातीचा पिंजरा मोठा. लाकडी घडवंचीवर उभा राहून तो भरलेलं सूप डोक्याच्या वर धरायचा आणि हात जराही न हलवता सगळं भात एका धारेत सोडायचा. घडवंचीवरूनच तो टेपाडापलीकडच्या वाडीत बायकोला हाक घालायचा आणि ती तिला ऐकू जायची. त्या कामातही धूळ असे. भाताचं कूस मानेला टोचे, नाकात जाई, दोन दिवस सगळं घर शिंकत असे. पण ते दोन दिवसांचं. तिसऱ्या दिवशी अंघोळ करून, अंगण सारवून आपण पुन्हा मोकळे.

गोदाआत्या पहिल्यांदा राहायला आली ती याच दिवसांत, नव्वदच्या दशकाच्या मध्याला. मी तेव्हा मुरबाडला डी.एड. करत होते. आत्या दादांची थोरली बहीण, ते तिला आक्का म्हणत. लग्न होऊन चेंबूरच्या पलीकडे चाळीत गेली, त्याला तेव्हा तीस वर्षं होऊन गेली होती. आतोबा तिथल्याच एका कंपनीत कामाला. लहानपणी मी मे महिन्यात तिच्याकडे राहायला जायची. गॅलरीतून उंच धुराडी दिसत, आणि संध्याकाळी वारा पडला की हवेला कुजक्या अंड्यांसारखा वास येई. दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर पिवळे ठिपके पडत. आत्याची रोज सकाळची कामं ठरलेली होती. झाडणं, पाणी भरणं आणि मग ओल्या फडक्यानं तुळशीचं एकेक पान पुसणं. मला वाटायचं, ही पूजेचीच रीत असेल. मी घरी येऊन आमच्या तुळशीची पानं पुसू लागले, तेव्हा आई हसली होती.

त्या वर्षी आत्याच्या डॉक्टरनं सांगितलं की छातीची औषधं चालू ठेवा, पण जमलं तर हवापालट करा. कुणी महाबळेश्वर सांगितलं, कुणी पाचगणी. आत्या म्हणाली, माझं माहेर काय मेलंय का.

मी तिला आणायला फाट्यावर गेले. एसटीतून उतरली तेव्हा ती बावन्न-त्रेपन्न वर्षांची असेल, पण सत्तरीची वाटत होती. ओठ निळसर. मानेच्या तळाशी हाडांच्या मधला खळगा प्रत्येक श्वासाला आत जाई. पाऊण तासाच्या वाटेला आम्हाला दोन तास लागले. चार पावलं झाली की ती बांधावर बसे, आणि तिच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येई. मला तिची भीती वाटली. तिला ते कळलं असावं. म्हणाली, “घाबरू नको गो. तिकडं हवेला रंग हाय. तो पोटात गेलाय, तो धुवायला आलेय.”

घरात शिरताच तिला खोकल्याची उबळ आली. चुलीचा धूर. आमची चूल माजघराच्या कोपऱ्यात, वर कौलं काळी झालेली. गावची हवा चांगली म्हणायचं, पण आमच्या बायका जन्मभर तो धूर पीत आल्या होत्या आणि कुणी त्याला आजार म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर आईनं चूल उचलून मागच्या अंगणात नेली होती, वर झावळ्यांचा आडोसा करून. पुढं आत्या परत गेल्यावरही चूल आत आली नाही. आईचा स्वतःचा जुनाट खोकला त्या हिवाळ्यात थांबला, हे तिच्या ध्यानात आलं ते होळीला.

माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला हिवाळा. आत्या आधी ओटीवर बसे, मग खळ्यात, मग वालाच्या शेताच्या बांधावर. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल टाकलेले असत. त्यांना पांढरी-जांभळी फुलं आली होती, आणि सकाळी त्यावरून येणारी हवा गोडसर असायची. आत्या डोळे मिटून ती हवा घ्यायची, एखादीनं सणाचं जेवण जेवावं तशी. महिन्याभरात ओठांचा निळेपणा गेला. दीड महिन्यानं ती माझ्याबरोबर टेपाडावर चढली. तीन ठिकाणी थांबली, पण चढली. वरून तिनं लांब तानसाकडचं रान बघितलं, माहुलीचे सुळके बघितले, आणि एका खडकावर बसून लहानपणी तिथं शेरडं चारायची ते सांगत राहिली. एवढं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलंच नव्हतं. श्वासाचा माणूस बोलणंही काटकसरीनं करतो, हे मला तेव्हा समजलं.

फाल्गुन सरता सरता शेतात राब भाजायला सुरुवात झाली. वाळका पाला, शेण, गवत अंथरून पेटवायचं, म्हणजे पावसात तिथं रोपं चांगली येतात. सगळ्या शिवारात धूर. त्याआधी दादा तिला चेंबूरला सोडून आले. असे तीन हिवाळे झाले. दिवाळीनंतर यायची, राबाआधी जायची. मधले आठ महिने ती हिवाळ्याची शिल्लक पुरवून पुरवून वापरायची, असं आतोबा म्हणायचे.

तिसऱ्या हिवाळ्यात टेपाडासाठी माणूस आला.

तोवर हायवेकडे दोन-तीन ठिकाणी खडीचे क्रशर सुरू झाले होते. कल्याण-डोंबिवलीकडे इमारती उठत होत्या, रस्ते रुंद होणार होते, सगळ्यांना दगड हवा होता. शेठ कोण ते आम्ही कधी बघितलं नाही. त्याचा माणूस पांढरी जीप फाट्यावर ठेवून यायचा, गोड बोलायचा, दादांना नमस्कार करायचा. टेपाड दहा वर्षं भाड्यानं द्या. खडकच आहे, गवताशिवाय काय निघतंय? शिवाय फाट्यापासून टेपाडापर्यंत पक्का रस्ता आम्ही करू, तो तुमच्या दारावरूनच जाईल.

दादांना पैशाची निकड नव्हती. पण त्यांच्या डोक्यात तो रस्ता बसला. पावसाळ्यात कुणी आजारी पडलं तर डोली करून फाट्यावर न्यावं लागे. माझी धाकटी काकी अशीच डोलीत, अर्ध्या वाटेत बाळंत झाली होती आणि बाळ राहिलं नव्हतं. ती डोली दादांनी खांद्यावर वाहिली होती. आणि मला? मला नुकतीच किन्हवलीच्या शाळेत नोकरी लागली होती. पावसाचे चार महिने मी साडी गुडघ्यापर्यंत खोचून, चपला हातात धरून, चिखल तुडवत फाट्यावर जायची आणि शाळेच्या नळावर पाय धुऊन वर्गात शिरायची. पोरं माझ्या पायांकडे बघायची. मला तो रस्ता दादांपेक्षा जास्त हवा होता.

सातबाऱ्यावर आत्याचंही नाव होतं. आजोबांच्या मागे लागलेलं, कुणी कमी केलेलं नव्हतं. तिची सही लागणार होती.

ती दुपार मला जशीच्या तशी दिसते. आत्या ओटीवर वाल सोलत बसली होती. दादा खांबाला टेकून. शेठचा माणूस कागद ठेवून गेलेला, दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होता. आत्याला सहीपुरतं लिहिता यायचं. म्हणाली, “सुलू, वाच काय लिवलंय.”

मी वाचलं. गट नंबर, चतुःसीमा, मुदत. मग आलं, उत्खनन करणे, सुरुंग लावणे, यंत्राद्वारे दगड फोडून खडी करणे. तिथं माझा आवाज भरभर गेला. मुद्दाम गेला. मुरबाडला जाताना एसटीतून मी हायवेकडचा क्रशर रोज बघत आले होते. त्याच्या आसपासची झाडं बारा महिने पिठात घोळल्यासारखी असत, आणि तिथून जाताना बसमधल्या बायका पदर नाकाला लावत. मीही लावत असे.

आत्यानं वालाची शेंग हातात तशीच धरून विचारलं, “धूळ उडंल का गो लय?”

दादांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना ठाऊक नव्हतं. ते हायवेनं क्वचित जायचे. ते खरंच माझ्या उत्तराची वाट बघत होते.

मी म्हटलं, “पाणी मारतात म्हणे. आणि आपल्यापासून लांब आहे ते, टेपाडाच्या पलीकडच्या अंगाला.”

आत्यानं हात पदराला पुसले आणि सही केली. गोदावरी, एवढंच, मोठ्या मोठ्या अक्षरात.

रस्ता झाला. पुढच्याच उन्हाळ्यात झाला, आणि पावसाळ्यात मी कोरड्या पायांनी शाळेत गेले. हे लपवायचं नाही. मला फार आनंद झाला होता.

दसऱ्याच्या सुमारास क्रशर सुरू झाला. पलीकडच्या अंगाला नव्हे, अलीकडच्या, कारण दगड इकडून सरळ निघत होता. दिवसभर एक घरघर, तिची इतकी सवय झाली की ती थांबली की दचकायला व्हायचं. दुपारी सुरुंग. भांडी फळीवर थरथरायची, कौलांतून माती गळायची. पाऊस असेपर्यंत धूळ कळली नाही. दिवाळी उलटली, वारा फिरला, आणि एका सकाळी अंगणातली तुळस पांढरी झालेली दिसली.

दादा नेहमीप्रमाणे खळ्यात गेले, मूठभर फोल वर उडवलं. वारा चांगला होता. अगदी सरळ. तोच वारा, त्याच वाटेनं टेपाडावरून उतरत होता, आणि त्यात आता भुकटी होती. कमळू वारं द्यायला नव्हता. तो क्रशरवर ड्रिल मारायला लागला होता. दादांनी स्वतः सूप धरलं. फोल उडून गेलं आणि स्वच्छ भातावर पांढरा थर येऊन बसला. त्या वर्षीचा भात तीनदा धुऊन शिजवला तरी दाताखाली कचकच लागायचा. वालाची फुलं गळली. आंब्याचा मोहोर करपल्यासारखा झाला.

मी आत्याला पत्र लिहून येऊ नको म्हणायला हवं होतं. दादा म्हणाले, लिही. मी आज लिहिते, उद्या लिहिते करत राहिले. काय लिहायचं होतं मला? आणि एका दुपारी भाड्याची जीप दारात थांबली. नव्या रस्त्यावरून आत्या थेट अंगणापर्यंत आली होती. पाऊण तासाची वाट दहा मिनिटांत. उतरताना हसत होती. मग तिनं मान वर करून टेपाडाकडे बघितलं. निम्मं टेपाड नव्हतं. ती शेरडं चारायची तो खडकही नव्हता.

ती आत येऊन पाणी प्याली. आईनं चूल कधीच बाहेर नेली होती, आता आत्यासाठी खिडक्या ओल्या चादरींनी झाकल्या. संध्याकाळपर्यंत चादरी पिठाळ व्हायच्या, मी त्या विहिरीवर पिळायची. अकरा दिवस राहिली. ओठ पुन्हा निळे झाले. बाराव्या दिवशी तिला आडवं होता येईना, तेव्हा दादांनी शहापूरला दवाखान्यात नेलं. मीही होते. तरुण डॉक्टर होता, भला. तिच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिला. मग विचारलं, राहता कुठं? आत्या म्हणाली, चेंबूरला. तो म्हणाला, मग तिथून थोडे दिवस बाहेर काढा यांना, गावी वगैरे न्या. आत्याच म्हणाली, “गावावरनंच आलोय.”

ती परत जायचं म्हणाली. दादा ओटीवर डोकं धरून बसले होते. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं की नामा, तू जिवाला लावून घेऊ नको, तिकडं निदान मोठा दवाखाना जवळ हाय. ती दादांना एका शब्दानं बोलली नाही. मला वाटलं, मीही सुटले.

फाट्यावर एसटीची वाट बघताना दादा चहा आणायला गेले. आम्ही दोघीच होतो. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी सांगितलं की आत्या, मला ठाऊक होतं. मी बघितलेला होता क्रशर. मला रस्ता हवा होता.

ती रस्त्याकडे बघत राहिली. श्वास गोळा करायला तिला वेळ लागला.

“मी कागदावर सही नाय केली गो,” ती म्हणाली. “तुझ्या बोलण्यावर केली.”

तेवढंच. दादा चहा घेऊन आले. तिनं कप माझ्या हातून घेतला नाही, दादांच्या हातून घेतला. कदाचित तो त्यांच्या हातात होता म्हणून असेल. मी त्यावर फार वर्षं विचार केला आहे.

दादांनी नंतर जे केलं ते आमच्या गावात अजून सांगतात, कुणी हसून, कुणी मान खाली घालून. करारात पाणी मारायचं लिहिलेलं होतं. सुरुवातीला टँकर यायचा, मग एक दिवसाआड, मग कुणी साहेब यायचा असला तरच. मी अर्ज केला, तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथल्या माणसानं फाईल उघडून सांगितलं की बाई, परवानगी आहे, जागा तुमची, सह्या तुमच्या, आता तक्रारही तुमचीच? दुसऱ्या दिवसापासून दादा आमच्या विहिरीचा पंप लावून, पाइप ओढत नेऊन, डंपर सुरू व्हायच्या आत रस्त्यावर आणि खडीच्या ढिगांवर पाणी मारू लागले. रोज. थंडीत, उन्हात. कामगार आधी हसले. मग मुकादमानं टँकर कायमचा बंद केला, म्हाताऱ्याचं पाणी मिळतंय म्हणून. होळीपर्यंत विहिरीचा तळ दिसला. आई म्हणाली, प्यायला काय ठेवाल? दादांनी पाइप गुंडाळून ठेवला. पण पुढच्या वर्षी पुन्हा काढला, आणि त्याच्या पुढच्याही वर्षी. तोंडाला ओला पंचा बांधून उभे राहायचे. त्यांना खोकला कधी लागला ते आम्हाला सांगता येणार नाही.

कमळूचा मात्र सांगता येतो. तो तीन वर्षं ड्रिलवर होता. संध्याकाळी परतताना आमच्या विहिरीवर थांबायचा, तर पापण्यासुद्धा पांढऱ्या असायच्या. चौथ्या वर्षी तो चढावर बसू लागला. सरकारी दवाखान्यात टीबी सांगितली. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, एकही दिवस न चुकवता, कारण गोळ्या खाल्लेल्याची खूण मी कार्डावर करून द्यायची. गुण आला नाही. पुन्हा सहा महिने. शेवटी त्याची बायको चांगुणा आणि मी त्याला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो प्रकाशावर धरला आणि आजाराचं काही न विचारता आधी विचारलं, हे काम काय करतात? मग समजावून सांगितलं की ही टीबी नव्हे, दगडाची धूळ छातीत बसलीय, ती निघत नाही. चांगुणानं माझ्याकडे बघितलं, मी तिला ते तिच्या बोलीत सांगावं म्हणून. या वेळी मी एकही शब्द गाळला नाही. सगळं सांगितलं, बरं होणार नाही हेही.

कमळूच म्हणाला, “मग त्या गोळ्या फुकट खाल्ल्या.” आणि कितीतरी दिवसांनी तो हसला.

तो श्रावणात गेला. हवा धुऊन निघालेली, सगळीकडे हिरवं, धुळीचा कण नाही. अशा दिवसांत त्याला श्वास मिळू नये याचं मला नवल वाटलं. पण धूळ आता बाहेर नव्हतीच.

गोदाआत्या त्याच्याआधी दीड वर्ष गेली होती, माघात. शेवटचे महिने तिला आडवं होता येत नव्हतं. भिंतीला उशी लावून, बसूनच झोपायची. आम्ही पोचलो तेव्हा तिला खाली घेतलं होतं. दादा तिच्या पायाशी बसले. मला वाटलं रडतील, पण ते नुसते खिडकीच्या चौकटीकडे बघत होते. मग त्यांनी चौकटीवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं. तिथली धूळ काळपट, चिकट. आमची पांढरी, कोरडी. त्यांनी बोट धोतराला पुसलं. दोन्ही तिच्याच छातीत होत्या.

दहा वर्षांची मुदत संपायच्या आधीच क्रशर बंद झाला. कुणाच्या तक्रारीनं नव्हे, दगड संपला म्हणून. यंत्रं उचलून नेली, मुकादम गेला, पांढरी जीप दिसेनाशी झाली. टेपाडाच्या जागी मोठा खड्डा राहिला, पावसाचं पाणी साठून हिरवागार दिसतो. डंपरनी उखडलेला रस्ता पुन्हा चिखलाचा झाला. पहिल्या एक-दोन पावसांत झाडं धुतली गेली, वालाला फुलं आली. गावातले लोक म्हणाले, चला, सुटलो.

दादा त्यानंतर दोन हिवाळे काढून गेले. पण मला आठवते ती त्याआधीची एक दुपार. दिवाळी झाली होती, वारा फिरला होता. शहापूरच्या त्याच दवाखान्यातून आम्ही नुकतेच परतलो होतो. तो डॉक्टर आता तरुण राहिला नव्हता, आणि त्याला आम्ही आठवत नव्हतो. त्यानं फोटो बघितला, औषधं लिहिली आणि सवयीनं सांगितलं की जमलं तर थोडे दिवस हवापालट करा. टेपाड गेल्यापासून सकाळचा वारा आडवातिडवा येत होता, आणि पलीकडच्या गावात दुसरा क्रशर सुरू झाला होता. त्याची घरघर ओटीवर बारीक ऐकू यायची.

आम्ही दोघं ओटीवर बसून कुठं जावं याचा विचार करू लागलो. मी म्हटलं, मुरबाडकडे मावशीकडे? दादा म्हणाले, तिच्या बांधाला वीटभट्टी लागलीय, पावसापर्यंत पेटती असते. कसाऱ्याला चुलतभाऊ होता. तिथं हायवेसाठी डोंगर फोडत होते. किन्हवलीजवळ धाकट्या काकीचं माहेर, तर पलीकडचा तो नवा क्रशर तिच्याच भावकीच्या जागेत होता. मी शहापूरला दोन खोल्या घेतल्या होत्या, त्या हायवेला लागून. एकेक गाव आम्ही आठवत गेलो, आत्याची मुलं, आईकडचे, लांबचे, सोयरे. प्रत्येक नावाला दादा जरा थांबायचे, विचार करायचे, मान हलवायचे. हळूहळू नावं संपली.

त्यांच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता.

“आक्काला यायला आपलं घर होतं,” ते म्हणाले.

मी डॉक्टरची चिठ्ठी घडी करून पिशवीत ठेवली आणि त्यांना पाणी आणायला आत गेले.